यादीत न घेतलेला दगड

तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, मानेवर बसलं की बारीक खाज सुटते आणि आंघोळ होईपर्यंत ती जात नाही. परवा वाशीमकडच्या मालेगावला विलासच्या डाळगिरणीत तासभर उभा होतो, तेवढ्यात ते कॉलरच्या आत शिरलं. अकोल्याला परत येताना बसमध्ये मी सारखा मान खाजवत होतो. शेजारचा माणूस दोनदा सरकून बसला. माघ महिना, खिडकीतून येणारी कोरडी हवा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीच्या वाळक्या काड्यांचे, तुऱ्हाट्यांचे ढीग. मेडशी जवळ आली तसे मी डोळे मिटून घेतले. गेली पस्तीस वर्षं मी हेच करत आलो आहे. बसमध्ये झोपलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

विलास माझा जुना विद्यार्थी. त्याच्या गिरणीसाठी मी संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहून दिला आहे. कोणाची तूर आली, किती आली, ओल किती, डाळ किती उतरली, एवढीच नोंद तो ठेवतो. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या मास्तराचा छंद म्हणा. घरच्या संगणकावर तो दोन महिने बिनतक्रार चालला. मग तो मी बांधला. बांधला म्हणजे, प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं एका गाठोड्यात भरलं, म्हणजे ज्या संगणकावर यातलं काहीच नाही तिथेही तो चालावा. हे भरण्याचं काम एक दुसरा प्रोग्राम करतो. तो आपली पानं वाचतो, कुठल्या पानाला दुसऱ्या कुठल्या पानाची गरज आहे ते बघतो आणि यादी करत जातो. या पानांना आमच्याकडे मॉड्यूल म्हणतात.

गिरणीत मी ऐटीत खुर्चीवर बसलो. पडद्यावरच्या प्रोग्रामच्या चित्रावर दोनदा बोट दाबलं. एक काळी चौकट उघडली आणि मिटली.

"सर, हे तर डोळा मारून गेलं," विलास म्हणाला.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पोत्यांच्या थप्पीवर बसलेला एक हमाल म्हणाला, "सायबाचं लाजाळू दिसते. लोकायसमोर येत नाई."

सगळे हसले, मीही हसलो. "तुमच्या मशीनमध्ये काहीतरी असेल," मी म्हणालो. पण माझे कान तापले. घरी चालणारी वस्तू घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं, माणसं गोळा करायची आणि ती तिथे न चालणं. हे मी एकदा पाहिलेलं आहे. तेव्हाही माघच होता.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत वस्तीवर आलो होतो. मेडशीपासून कच्च्या रस्त्याने आत गेलं की आमची वस्ती. त्या वर्षी तूर चांगली आली होती आणि वारा मात्र पडला होता. खळ्याखळ्यांवर तूर बडवून तयार होती, कुटारात दाणे मिसळलेले, आणि उफणायला वारा नाही. माणसं तिवईवर चढून टोपलं डोक्याच्या वर धरत आणि हळूच ओतून बघत. दाणे आणि कुटार एकत्रच सरळ पायाशी पडत. मग ती उतरत, बिडी पेटवत, धूर कुठे जातो ते बघत. धूर सरळ वर जाई. त्या दिवसांची शांतता मला अजून आठवते. कुत्रंसुद्धा भुंकायचं ते उगीच, एकदाच.

माझ्या वडिलांचं नाव किसन. ते काही वर्षं वाशीमला कापसाच्या एका जिनिंगमध्ये यंत्रांना तेल द्यायला होते. तिथून परत आले ते डोक्यात चाकं घेऊनच. त्या बिनवाऱ्याच्या दिवसांत त्यांनी अंगणात उफणणीचा पंखा बनवला. बाभळीचं लाकूड, रॉकेलच्या डब्यांची पाती, कुठून तरी मिळवलेला एक लोखंडी दांडा. कल्पना त्यांनी जात्यावरून घेतली होती. एक मोठं आडवं चाक, त्याला खुंटा. दोन बायांनी समोरासमोर बसून दळण दळल्यासारखं ते फिरवायचं. चाकावरून दोरखंड पंख्याकडे जाई. चाक एकदा फिरलं की पंखा आठ-दहा वेळा फिरे. चाकाच्या मधून उभा दांडा, त्या दांड्याच्या खालच्या टोकाला अणी, आणि ती अणी एका काळ्या दगडाच्या खळग्यात बसवलेली. सगळ्या यंत्राचं वजन त्या अणीवर आणि अणीचं वजन त्या दगडावर.

माझ्या मायने आणि शेजारच्या काकूने तो पहिल्यांदा फिरवला तेव्हा अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मायच्या तोंडावर पदर उडाला. बाबांनी सुपातून तूर सोडली. दाणे खाली, कुटार पार कुंपणापर्यंत. माय फिरवत फिरवत म्हणाली, "आता वाऱ्याले म्हना, नोको येऊ. आमच्या घरी हाये वारा."

मी तो दगड तेव्हा नीट पाहिला.

आमच्या घरातले देव छप्पन सालीच, दीक्षेच्या वेळी, गेले. माझा जन्म त्यानंतरचा. ऐकलं ते एवढंच, की वस्तीतल्या सगळ्या घरांनी टोपल्यांत देव भरले आणि नदीत सोडले. बाबा त्या माणसांत पुढे होते. पण एक दगड राहिला होता. बाबांच्या आईचा. ती त्याच्यासमोर बसून आयुष्यभर त्याच्या खळग्यात तेल ओतत आली होती, दिवा लावत आली होती. ती म्हणाली म्हणे, माह्या डोळ्यादेखत हा एक नेऊ नका. बाबांनी शेंदूर खरवडला आणि म्हणाले, ठेव, दगड हाये, दगडासारखा ठेव. ती गेल्यावर तो कधी दाराला अडसर म्हणून, कधी बकरीच्या दोरीला वजन म्हणून घरात फिरत राहिला. तेलाने त्याचा खळगा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. बाबांच्या अणीला तसाच खळगा हवा होता. पण त्याच्या एका कडेला, दगडाच्या बारीक भेगांत, शेंदूर अजून होता. नखाने निघत नव्हता.

वसतिगृहात मी भाषणं करायचो. आमच्या घरात देव नाही, देवाचा खिळाही नाही, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. म्हणताना आवाज चढायचा आणि टाळ्या पडायच्या. त्या आवाजाचा मला अभिमान होता. आता वाटतं, अभिमान आवाजाचाच होता.

पंख्याची बातमी दीड कोसावर बापूसाहेबांच्या खळ्यापर्यंत गेली. बापूसाहेब म्हणजे त्या बाजूचे मोठे जमीनदार. बाबा, बाबांचे वडील, सगळे त्यांच्या वावरात राबलेले. त्यांचा माणूस सायकलवर आला आणि अंगणात पाय टेकवून म्हणाला, "मिस्त्रीले बोलावलं हाये सायबानं. पंखा घिऊन."

माय चुलीजवळून म्हणाली, "कोनत्या मिस्त्रीले?"

"अवो, तुमच्याच मालकाले."

बाबा हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूतच राहिले. त्या शब्दासाठी त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती ते मला तेव्हा कळलं नाही. गावकीची कामं सोडली तेव्हापासून माणसं त्यांना मजूर म्हणून बोलावत, कामाचं नाव सांगत आणि किसन्या म्हणत. हाताच्या कसबासाठी, त्या कसबाचं नाव घेऊन, त्या बाजूने आलेलं हे पहिलं बोलावणं होतं. माय रात्रीच्या भाकरी थापताना दोनदा म्हणाली, "मिस्त्री, जेवून घ्या." आणि दोन्ही वेळा स्वतःच हसली.

पंखा सोडवायचा, बैलबंडीत भरायचा आणि खळ्यावर पुन्हा जोडायचा, हे काम माझ्याकडे आलं. मी शिकलेला होतो. मी वहीत यादी केली. प्रत्येक जोडावर गेरूने आकडा घातला. एक ते तेवीस. बाबांना अक्षरं लावून लावून वाचता येत, पण आकडे पटकन वाचता येत. ते प्रत्येक तुकड्यावरचा आकडा बोटाने चाचपत फिरले. म्हणाले, "आता कसं कारखान्यातल्यावानी वाटून राह्यलं."

दगडावर आकडा घातला नाही. दगड यंत्रात मोडत नाही असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी बाबा खळ्यावरची जागा सपाट करायला पुढे गेले. शेजारचे श्रावणकाका बंडी घेऊन यायच्या आधी मी तो दगड उचलला. चांगला जड होता. पोटाशी धरून घरामागे नेला आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, पऱ्हाटीच्या ढिगाखाली सरकवला. मला दिसत होतं, बापूसाहेबांच्या खळ्यावर पाच-पन्नास माणसं आहेत. कोणीतरी वाकतो. शेंदूर बघतो. म्हणतो, काय रे, देव बुडवले म्हनता अन् एक ठिवला वाटते. किंवा दुसरा कोणी चिडतो, देवावर लोखंड फिरवता म्हणून. दोन्हीकडून आम्हीच. हे भय खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर सगळ्यात आधी दिसलं ते माझं स्वतःचं तोंड, खाली गेलेलं. आणि दगडाला काय तोटा? आमच्या भागात जमीन उकरली की दगडच निघतो. खळ्यावर दुसरा लावू.

बाबांना हे सांगता आलं असतं. एवढंच तर सांगायचं होतं.

मालेगावहून घरी परत आल्यावर मी त्या काळ्या चौकटीचा शोध घ्यायला बसलो. सकाळची वेळ, गॅलरीत ऊन, बायकोने ठेवलेला चहा निवत चाललेला. अशा वेळी काय करायचं ते माझ्या हाताला ठाऊक आहे. चित्रावर दाबायचं नाही. आज्ञेची खिडकी आधी उघडायची आणि तिच्यातून प्रोग्राम चालवायचा, म्हणजे तो मेला तरी खिडकी उघडी राहते आणि मरतानाचे शब्द वाचता येतात. आणि हे स्वतःच्या संगणकावर करून भागत नाही. आपल्या संगणकावर सगळं आसपास पडलेलं असतं, प्रोग्राम हात लांब करून गाठोड्याच्या बाहेरचंही उचलतो आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणून भाच्याचा जुना संगणक आणला. त्यावर माझं काहीच नव्हतं. तिथे चालवला.

शेवटच्या ओळीत लिहून आलं, की जुनी मापं या नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

जुनी मापं हे मी बारा वर्षांपूर्वी लिहिलेलं एक पान. पायली, कुडव, मण, खंडी यांचे किलो करून देणारं. अगदी सुरुवातीला शिकत असताना लिहिलेलं, ओबडधोबड, बघवत नाही असं. नव्या प्रोग्राममधून मी ते काढलं असं मला वाटत होतं. पण म्हातारे शेतकरी अजून मणातच बोलतात, तेव्हा एका कोपऱ्यात, प्रोग्राम सुरू होतानाच नाव घेऊन त्याला हाक मारायची सोय मी कधीकाळी ठेवली होती. वरवर यादी करणाऱ्याला ती हाक दिसत नाही. ती पानाच्या माथ्यावर लिहिलेली नसते, आयत्या वेळी जुळवली जाते.

पण मी आणखी खाली गेलो. गाठोडं बांधताना काय वगळायचं, तेही एका ओळीत लिहिता येतं. त्या ओळीत माझ्याच हाताने जुनी मापं लिहिलेलं होतं. विलास हुशार आहे, कधी उघडून पाहील, सरांनी हे असलं लिहिलंय म्हणेल, म्हणून. ती ओळ मी लिहिली होती आणि विसरलो होतो.

चहावर साय आली होती.

बापूसाहेबांचं खळं शेणाने सारवलेलं, लखलखीत. मध्ये तुरीची रास. कडेला बाजेवर बापूसाहेब पानदान घेऊन. मजूर, बाया, बघायला आलेली माणसं. आकाशात पश्चिमेला काळसर पट्टा होता आणि सगळे मधूनमधून तिकडे बघत होते. माघातला पाऊस तुरीवर पडला तर दाणा काळा पडतो. वारा अजून नव्हताच.

"किसन मिस्त्री," बापूसाहेब म्हणाले, "आभायाचं काई खरं नाई. लवकर चालू करा बरं."

चालू करा. बाबांनी मान हलवली. मी यादी हातात घेऊन आकडे वाचत होतो, बाबा आणि श्रावणकाका जोडत होते. बावीस. तेवीस. दांडा उभा राहिला. बाबांनी हात मागे केला आणि न बघता म्हणाले, "गोटा दे."

मी म्हणालो, "बंडीत असन."

श्रावणकाका बंडीकडे गेले, गवत उचकटलं, परत आले. "मले तर दिसला नाई बाप्पा. तू ठिवला होता का?"

"ठिवला होता," मी म्हणालो. "खाली, गवतावर. उतारावर बंडी आदळली ना, तथी पडला असन."

"अन् मले आवाज नाई आला? येवढा धोंडा पडते अन् मले आवाज नाई येत? मी का झोपून बंडी हाकली?"

"काका, तुमी बिडी पेटवून राह्यले होते तवा."

लोक हसले. श्रावणकाका माझ्याकडे बघत राहिले. ते बिडी पेटवत होते हे खरं होतं. खोट्याला थोडं खरं लावलं की ते उभं राहतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाबांनी आधी एक लाकडाचा ठोकळा घेतला, कोरला, अणी बसवली. बायांनी चाक फिरवलं. चार फेरे नीट गेले, मग करकर आवाज आला आणि ठोकळ्यातून धूर निघाला. मग एक दगड आणला. अणी त्याच्यावर घसरून नाचायला लागली, चाक डुगडुगलं, दोरखंड उडून एका बाईच्या हातावर बसला. मग कोणीतरी घरातलं उखळ आणलं. तेही नाही जमलं. "नवा खळगा कोरतो, सायेब," बाबा म्हणाले, "पन या दगडाले दोन दिवस लागतीन."

"दोन दिवस?" बापूसाहेबांनी पश्चिमेकडे बोट केलं. "ते थांबते का?"

तेव्हा बाबा उठले. म्हणाले, "मी पाहून येतो. पडला असन तर वाटेतच असन. तेवढी वाट पाहा."

आणि ते निघाले. भर उन्हात, डोक्याला शेला बांधून, चाकोरीत बघत बघत. मी त्यांना लांबपर्यंत पाहिलं. थोडं चालायचे, थांबायचे, वाकायचे, काठीने गवत बाजूला करायचे, पुन्हा चालायचे. त्या चाकोरीत काहीच पडलेलं नाही हे त्या सगळ्या शिवारात एकट्या मला माहीत होतं. मागे पळून चार शब्द सांगितले असते तर ते थांबले असते. मी खळ्यावर उभा राहिलो आणि कोणीतरी विचारलं म्हणून त्याला यंत्राचं तत्त्व समजावून सांगत राहिलो. पातीचा कोन वगैरे. मी असंही म्हणालो, "बाबायनं मापं अंदाजानं घेतली ना, आराखडा नाई काढला. म्हनून असं होते." हे वाक्य मी उच्चारलं. ते माझ्याकडून कोणी वदवून घेतलं नाही.

ऊन कलल्यावर वारा सुटला. असा सुटला, जणू इतके दिवस कुठेतरी कोंडला होता. माणसं ओरडत तिवईकडे धावली, टोपली वर गेली, कुटार उडून सगळ्यांचे केस पिवळे झाले. बाबा परत आले तेव्हा उफणणी जोरात होती. पायांवर गुडघ्यापर्यंत फुफाटा. हात रिकामे. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"सापडला नाई."

बापूसाहेब बाजेवरून उठलेही नव्हते. पान जुळवत म्हणाले, "जाऊ दे रे, किसन्या. हात रिकामा हाये तर घे ते टोपलं."

बाबांनी टोपलं घेतलं. आभाळ वरच्या वर निघून गेलं. एक थेंबही पडला नाही.

पंखा वस्तीवर परत आला तो तुकड्यातुकड्यांनी, आणि पुन्हा जोडला गेला नाही. मोठ्या चाकाचं बकऱ्यांच्या कोठ्याला फाटक झालं. माझा आठाचा आकडा त्यावर कितीतरी वर्षं होता. पऱ्हाटीचा ढीग जळण म्हणून कमी कमी होत गेला. चैत्रात मी आलो तेव्हा खाली मोकळी जमीन होती. दगड नव्हता. कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

त्या माघातली सुट्टी संपल्यावर बाबा मला जऊळक्याच्या स्टेशनवर सोडायला आले होते. छोटी गाडी, छोटं स्टेशन, फलाटावर आम्ही आणि एक शेंगावाली. बाबांनी माझ्या पिशवीत भाकरीचं गाठोडं सारखं केलं. गाडीचा धूर दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "तुही यादी लय चांगली होती. तेवीसच्या तेवीस सामान पोचलं. त्याच्यात काई चूक नव्हती."

मग ते थांबले. माझ्याकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते. मला वाटलं, ते भोळेपणाने म्हणताहेत. मी विचारलं, "गाडी येथी किती वेळ थांबते?"

"थांबते थोडी," ते म्हणाले.

बाबा जाऊन आता पंधरा वर्षं होतील. ते गेल्यानंतर माय आमच्याकडे अकोल्याला होती. एके दुपारी सुपात डाळ निवडत बसली होती आणि काहीही विषय नसताना म्हणाली, "तुह्या बापानं त्या दिवशी किती पानी पेलं म्हाईत हाये?"

"कोनत्या दिवशी?"

"पंखा नेला होता त्या दिवशी. उन्हातानात घरी आला. म्हने, गोटा इथी तं नाई राह्यला? मी म्हटलं, पोट्टं सकाळीच पोटाशी धरून पऱ्हाटीकडे घिऊन गेलं. मले वाटलं तुमीच सांगतलं असन. मंग तो मांगं गेला. पाहून आला. वसरीत बसला. तीन लोटे पानी पेला."

सुपातली डाळ वरखाली होत राहिली.

"मी म्हटलं, काहून बसले? घिऊन जा ना. तं म्हने, नेला तं पंखा चालते, पन पोट्टं दहा लोकायत खाली मुंडी घालून उभं राह्यते. म्हने, त्यानं लपोला त्याच्यात माहीबी चूक हाये. छप्पन साली माह्या हातून येक राह्यला होता." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग उन्हाळ्यात त्यानंच नदीत नेऊन टाकला. येकटाच गेला."

"तू मले काहून नाई सांगतलं?"

"त्यानं सांगतलं होतं, त्याले नोको सांगू. म्हने, सांगाचं असन तं तोच सांगन."

तेव्हापासून मी जऊळक्याचा तो फलाट पुन्हा पुन्हा बघतो. गाडीचा धूर लांब आहे. बाबा म्हणतात, यादीत चूक नव्हती. आणि थांबतात. त्या थांबण्यात जागा होती. एका वाक्याएवढी. त्यांनी ती माझ्यासाठी साफ करून ठेवली होती, खळ्यावरच्या त्या जागेसारखी, आणि मी तिथे गाडीची वेळ विचारली. त्यानंतर ते वीस वर्षं जगले. दर सुट्टीत मी घरी जात होतो. ते मला माझ्या नोकरीचं, संगणकाचं विचारत. "तुहं मशीन खोटं बोलते का?" असं एकदा त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "नाई बाबा, त्याले येतच नाई." ते म्हणाले, "मंग बरं हाये."

त्या दिवशी सकाळी संगणकाने लिहिलं, सापडत नाही. त्याला खरंच सापडलं नव्हतं. बाबांनी खळ्यावर तेच शब्द म्हटले तेव्हा दगड कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. तो हाताने चाचपून आले होते. आणि पाच-पन्नास माणसांसमोर, ज्या एका नावाची इतकी वर्षं वाट पाहिली ते नाव जात असताना, त्यांनी सांगितलं, की सापडला नाई. परत येतानाही ते चाकोरीत बघत बघतच आले असतील का, हा प्रश्न मला पडतो. बघणाऱ्यांना खरं वाटावं म्हणून.

वगळायच्या ओळीतून मी जुनी मापं खोडलं. घ्यायच्या ओळीत लिहिलं. गाठोडं पुन्हा बांधलं, भाच्याच्या संगणकावर चालवून पाहिलं आणि विलासला पाठवलं. किती थोडं काम. दोन ओळी.

दुपारी त्याचा फोन आला. मागे गिरणीचा आवाज होता, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता.

"सर, चाललं. एकदम मस्त चाललं. काय होतं?"

"काही नाही रे, एक पान राहिलं होतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. इतकं सवयीचं वाक्य. मग थांबलो.

"विलास, राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मीच काढलं होतं. मला त्याची लाज वाटत होती. आणि तिकडे तुमच्यासमोर चाललं नाही तेव्हा मी म्हणालो, की तुमच्या मशीनमध्ये काहीतरी असेल."

"अं? काय म्हनता सर? आवाज नाई येऊन राह्यला."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्या शब्दापासून.

"बरं बरं," तो म्हणाला. "होते असं, सर. चाललं ना आता." आणि फोन ठेवायचा विसरून तो कोणाशी तरी बोलायला लागला. मी फोन कानाशी धरून बसलो. गिरणीत डाळ पाखडणारा मोठा पंखा चालू होता. तो एकसारखा, न अडखळता, फिरताना ऐकू येत होता.